मेंढतळच्या बैठकीची घोंगडी

१

उद्या मेंढतळच्या बैठकीला पन्नास वर्षं पुरी होणार होती आणि आज दुपारी मल्हारच्या हातून चहा सांडला.

चहा सांडणं हा कायद्यानं गुन्हा नाही. मल्हार कारखान्यात क्लार्क होता, त्यामुळे त्याच्या हातून रोजच काही ना काही सांडायचं. पण आजचा चहा बैठकीच्या घोंगडीवर सांडला आणि भिंतीला टेकून बसलेली उत्सव समिती एकदम ताठ झाली.

"बघत काय बसलास, पूस की," झुंबर आबा म्हणाले. आबा म्हणजे वाडीतले थोरले आणि बैठकीचे प्रमुख.

मल्हारनं तांब्यातलं पाणी ओतलं आणि टॉवेलनं पुसायला सुरुवात केली. टॉवेल पुढं सरकेना. त्यानं हात लावला तर बोटं चिकटली. बैठक झाडणारी तानूबाई पुढं आली, तिनंही हात लावला, बोटं नाकाशी नेली आणि मग सावकाश पदराला पुसली.

"खळ हाय," ती म्हणाली.

नव्या घोंगडीला विणकर चिंचोक्याची खळ देतो, तिनं घोंगडी ताठ राहते. पहिल्या दोन पावसात खळ धुऊन जाते, घोंगडी मऊ पडते आणि मग ती माणसाची होते. हे मेंढतळात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि ही घोंगडी वाडी बसवणाऱ्या म्हस्कूची. म्हस्कूनं ती डोक्यावर घेऊन मेंढरांमागं कितीतरी पावसाळे काढलेले. तिच्यात अजून खळ शिल्लक असेल तर म्हस्कू जन्मात भिजलाच नाही असं मानावं लागलं असतं.

म्हणजे ही घोंगडी ती नव्हेच.

"मग ती कुठं आहे?" खुर्चीवरून प्रमुख पाहुण्यांनी विचारलं.

सगळ्यांनी पाहुण्यांकडं पाहिलं, मग एकमेकांकडं पाहिलं, आणि मग ज्याला त्याला आपापल्या पायाची नखं महत्त्वाची वाटायला लागली.

२

प्रमुख पाहुणे खरं तर दुसरे होते. पण ते फार मोठे असल्यामुळं त्यांना ऐनवेळी काम निघालं, आणि समितीनं जळोचीहून संभाजी देवकाते यांना बोलावलं. संभाजीराव रिटायर फौजदार. सगळ्या नोकरीत गाजलेला तपास एकच: बारामतीत चोरीला गेलेली सायकल त्यांनी शोधून दिली होती. ती दुसऱ्याच माणसाची निघाली, पण मूळ मालकानं तक्रार केली नाही, कारण ही जास्त चांगली होती.

मात्र मेंढतळात त्यांचा अधिकार फौजदाराहून मोठा होता. ते वाडीचे जावई होते. जावयाला वाडीत कुणी उलटून बोलत नाही. त्याचे प्रश्न फार झाले तर त्याला जेवायला वाढतात.

भाषणासाठी म्हणून संभाजीरावांनी बैठकीचा इतिहास तेवढा गोळा केला होता. शेळगाव आणि कळंबच्या मधल्या या माळावर पहिल्यांदा थांबला तो म्हस्कू हाके. मेंढरं घेऊन वर्षानुवर्षं फिरणारा माणूस एक दिवस थांबला, कारण कालव्याच्या चारीला पाणी आलं होतं आणि त्याच्या बायकोचे पाय दुखत होते. इतिहासात यातलं पहिलंच कारण सांगतात. त्याच्यामागं आणखी घरं थांबली. घरं झाली तशी भांडणंही झाली, आणि ती मिटवायला म्हस्कूनं लिंबाखाली आपली घोंगडी अंथरली: हिच्यावर बसून जो बोलंल त्यानं खरंच बोलायचं. पुढं त्या लिंबाला धरून बैठकीचं घर उभं राहिलं. भिंतींची माती तुडवायला माणसं कमी पडली तेव्हा त्या चिखलातून मेंढरंच फिरवली. अजून भिंतीचा पोपडा निघाला की आत लोकर सापडते.

घोंगडीवर खोटं बोलणाऱ्याची मेंढरं रोगानं बसतात, असा समज होता. आता वाडीत मेंढरं फारशी राहिली नव्हती, तेव्हा तो शाप मोटारसायकलींना लागू झाला होता.

बैठकीच्या दाराशी पाथरवट नवीन पाटी कोरत होता. वर 'श्री', खाली बैठक उभारणाऱ्यांची नावं. सगळी नावं होती, म्हस्कूचं नव्हतं.

त्याचं कारणही संभाजीरावांना माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी एका रात्री चारीचं दार उघडं राहिलं, पाणी उताराला लागलं आणि बैठकीची मागची भिंत बसली. त्या रात्री पाण्याची पाळी झुंबर आबांची, त्यांच्या मागून सोपानची. सोपान म्हणजे म्हस्कूचा नातू. आबांनी घोंगडीवर बसून सांगितलं की मला दिसलं तेव्हा दार उघडं होतं आणि दाराला सोपानचा हात होता. मग सोपानला म्हणाले, आता तू बसून सांग. तो बसला नाही. बसला नाही म्हणजे झालंच. बैठकीनं ठरवलं, सोपाननं उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. आणि यंदा पाटीची वेळ आली तेव्हा ठरवलं, ज्याच्या नातवानं भिंत पाडली त्याचं नाव भिंतीवर कशाला.

सकाळी संभाजीराव एस.टी.तून उतरले तेव्हा सोपानची आई ठमाबाई रस्त्यातच उभी होती. नात्यानं ती त्यांच्या बायकोची चुलती.

"जावईबापू, माझ्या पोराला आत घेऊ नका, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली होती. "पर मामंजींचं नाव घालाय सांगा. वाडी त्यांनी बसवली. उद्या पाटी लागली की मी मेल्यावरबी तशीच ऱ्हाईल."

"ठरलंय ते घोंगडीवर, काकी. मी काय करणार?"

"तुमी फौजदार न्हवं?"

सकाळी ते पिशवी उचलून पुढं निघाले होते. आता मल्हारच्या चिकट बोटांकडं बघताना संभाजीरावांच्या मनात आलं, की घोंगडीच खोटी असेल तर तिच्यावर ठरलेलं खरं कसं?

पाथरवट छिन्नी बाजूला ठेवून म्हणाला, "मला संध्याकाळच्या गाडीनं जायचंय. काय घालायचं काढायचं ते तवर सांगा."

३

दुपारभर वाडीत एक चमत्कारिक शांतता होती. गेल्या काही वर्षांत त्या घोंगडीवर जे खरं बोलले होते ते फसवल्यासारखे दिसत होते, आणि दोघे-तिघे बांधावर बसून अतिशय मोकळा श्वास घेत होते. संभाजीरावांनी त्यांची नावं मनात टिपली, पण तो तपास वेगळा होता.

पहिला आला मल्हार. बोलवायच्या आधीच आला.

"दाजी, मी बदलली न्हाय."

"मी कुठं म्हणालो?"

"न्हाय, पर एक रात ती वाडीत नव्हती." मल्हारनं मान खाली घातली. "गेल्या साली बारामतीत गजीनाचाची स्पर्धा हुती. स्टेजवर जुनं काय तरी पायजे म्हणून मी पेटीतनं काढून नेली. पेटीला कुलूप न्हाई, कोण बी काढंल. सकाळी आणून ठिवली. पर तितं लई घोंगड्या हुत्या, दाजी. बदलली असंल तर तितंच बदलली. ही सगळी माझी चूक हाय. माझा राजीनामा घ्या."

"कसला?"

"समितीचा."

"उद्या कार्यक्रम आहे, आज राजीनामा दिलास तर खुर्च्या कोण आणणार?" संभाजीराव म्हणाले. "नेताना कशी होती?"

"कशी म्हंजे?"

"वास, रंग, काही."

मल्हारनं आठवून पाहिलं. "लिंबाच्या पाल्याचा वास यायचा. वाळल्याला. आन घडीवर एक तांबडी रेघ हुती, गंजाची. मला वाटलं पेटीचा गंज असंल."

संभाजीराव उठून बैठकीतल्या कोनाड्यापाशी गेले. घोंगडीची पेटी तिथं होती. ती लाकडाची होती.

बारामतीला नेण्याच्या आधीच ती घोंगडी कुठल्या तरी लोखंडी ट्रंकेत, लिंबाच्या पाल्यात, वर्षानुवर्षं घडी घालून पडलेली होती. मल्हारनं रात्रभर जी जपून आणली ती आधीपासूनच खोटी होती.

"जा, खुर्च्या आण," ते म्हणाले. मल्हार अपराध्यासारखाच गेला. निर्दोष ठरल्यावर कसं चालायचं हे त्याला माहीत नव्हतं.

४

तानूबाई चुलीपुढं होती. तिनं जावयाला पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला, आणि प्रश्न यायच्या आत ताट वाढायला घेतलं.

"जेवलोय मी," संभाजीराव म्हणाले. "भिंत पडली त्या रात्रीनंतर घोंगडी कुणी धुतली?"

"धुतली न्हाय. तिला धुवायचं नसतंय. चिखलात भिजली हुती, मी पिळली आन कुपाटीवर वाळत घातली."

"खळ लागली हाताला?"

"न्हाय. मऊ हुती, मेंढरावाणी. वासबी मेंढराचाच." ती थांबली. "म्हंजे तवा खरी हुती."

"म्हणजे तेव्हा खरी होती. आता पुढचं सांगा."

"पुढं काय न्हाय. थोडी भाकर घ्या."

"तानूबाई, तुम्ही तिसऱ्यांदा भाकरी थापताय आणि तव्यावर एकही टाकलेली नाही."

तानूबाईनं पिठाचे हात झटकले. मग चुलीकडंच बघत बोलली.

"वाडीत पोर जल्मलं की पाचवीला त्या घोंगडीचा एक धागा करगोट्यात घालायचा. दीठ लागत न्हाय. माझी सासू कातरायची, तिच्यामागं मी कातरते. पुरुषमाणसांना म्हाईत न्हाय. एक कोपरा पार खाल्ला हुता आमी."

"बरं. मग?"

"आमच्या सिद्धूची पाचवी आली. भिंत पडली त्याच्यामागनं लगीच. सोपानची बैठक त्याच दिशी हुती, म्हणून तर माझ्याकडं कुणी जेवायला आलं न्हाय, सगळी तिकडं. तर सकाळी मी कात्री घिऊन गेले, पेटी उघडली." तिनं आवाज बारीक केला. "कोपरा भरलेला."

"म्हणजे?"

"कातरलेलं समदं परत उगवलेलं. धागाबी असा ताठ, कात्रीला लागंना. मला वाटलं देवाची घोंगडी हाय, उगवली. मी तितंच पाया पडले."

"आणि पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"सांगायचं तर कातरत हुतो हे आधी सांगाय लागलं असतं."

नोकरीत संभाजीरावांनी चमत्काराचे पुरावे बरेच पाहिले होते, पण इतका उपयोगी नव्हता पाहिला. भिंत पडल्यावर पिळली ती खरी. बैठकीच्या दिवशी सकाळी कातरली ती खोटी. म्हणजे घोंगडी बदलली ती सोपानचा निकाल लागायच्या आधी. आणि त्या एका गोष्टीच्या पोटात बाकीचं सगळं होतं.

"आता थोडी भाकर घेतो," ते म्हणाले.

५

सोपान टोमॅटोच्या वाफ्यात होता. पाणी सरीतून निवांत चाललेलं. त्यानं जावयाला पाहून खांद्यावरचं खोरं खाली ठेवलं.

"आलासा? मला वाटलंच हुतं, माझ्याकडं शेवटी याल. समद्यांनी माझंच नाव घेतलं असंल."

"तिघांनी. चौथा म्हणाला, जाऊ दे, आधीच त्याला फार झालंय."

"त्यो चौथा कोण?"

"झुंबर आबा."

सोपान हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं एक तण उपटलं आणि बांधावर फेकलं.

"आज्याची घोंगडी," तो म्हणाला. "ती पांघरून माझा बाप ल्हानाचा मोठा झाला. मला चोरायची काय गरज? बैठकीला दिली तवा आमच्याच घरातनं गेली."

"त्या दिवशी तिच्यावर बसला का नाहीस?"

"मन झालं न्हाय."

"बसून सांगितलं असतंस की मी दार उघडलं नाही, तर निदान दोन्हीकडून सारखं झालं असतं. आज तुझ्या आज्याचं नाव पाटीवर असतं."

सोपानचा हात थांबला. पण तो बोलला ते पाण्याकडं बघून. "आबा माझ्या पाण्याला कधी कमी करत न्हाईत, दाजी. सवताच्या उसाच्या आधी माझ्या टोमॅटोला सोडत्यात. का ते मला इचारू नका, आन त्यांनाबी इचारू नका."

"तुझं नाव तर मी साफ करायला आलोय."

"ऱ्हाऊ दे. मला सवय झाली. आईच्या मनासारखं तेवढं करा."

संभाजीराव बांधावरून परत निघाले. मागं वळून पाहिलं तेव्हा सोपान सरीत वाकला होता. ज्याला चोर ठरवायला अख्खी वाडी तयार होती तो माणूस स्वतःसाठी एक शब्दही बोलत नव्हता, आणि ज्यानं त्याला भिंतीचा गुन्हेगार ठरवलं तो त्याला आधी पाणी देत होता. सायकलच्या तपासात असलं काही नव्हतं.

चारीच्या टोकाला एक पांढरा पटका दिसत होता. तिथं झुंबर आबा एकटेच उभे होते, आणि ते जणू कधीपासून त्यांचीच वाट बघत होते.

६

"पाणी चांगलं आहे," संभाजीराव म्हणाले.

"हाय," आबा म्हणाले.

दोघं पाण्याकडं बघत उभे राहिले. चारीच्या पाण्याचा हा एक फायदा आहे, त्याच्याकडं बघत माणूस कितीही वेळ गप्प राहू शकतो.

"मी सुरुवातीलाच चुकलो," संभाजीराव म्हणाले. "चोर शोधत बसलो. घोंगडी चोरायचीच असती तर नेली असती आणि पेटी रिकामी ठेवली असती. इथं कुणीतरी स्वतःच्या ट्रंकेतली घोंगडी आणून ठेवली, चांगली जपून ठेवलेली. म्हणजे त्याला खरी घोंगडी हवी होती असं नाही. त्याला त्या दिवशी ती तिथं नको होती."

आबांनी खोऱ्यानं चारीच्या कडेची माती नीट केली. ती नीटच होती.

"आता नको कुणाला असेल? ज्याचा घोंगडीवर विश्वास नाही, तो तिच्यावर बसून खुशाल खोटं बोलला असता. जो खरं बोलणार होता, तोही बसला असता. बदलायची गरज अशा एकालाच, ज्याचा तिच्यावर पुरा विश्वास आहे आणि ज्याला त्या दिवशी खोटं बोलायचंय."

"सोपानबी असंल की त्यो," आबा म्हणाले. पण त्या बोलण्यात जीव नव्हता.

"सोपाननं बदलली असती तर त्याला माहीत असतं की ही साधी घोंगडी आहे. तो बिनघोर बसला असता आणि पाहिजे ते बोलला असता. तो बसला नाही. त्या दिवशी घोंगडीवर एकच माणूस बसला, आबा."

आबांनी खोरं टेकवलं आणि बांधावर खाली बसले. त्यांचे गुडघे वाजले.

"ती माझ्या लग्नातली," ते म्हणाले. "सासऱ्यानं दिलेली. कधी अंगावर घेतली न्हाय, लई चांगली हुती म्हणून. ट्रंकंतच ऱ्हायली."

"सोपानला दारापाशी पाहिलं, हेही खोटं?"

"ते खरं हाय. त्याचा हात दारावर हुता, हेबी खरं हाय."

"उघडताना की लावताना?"

पाणी चाललं होतं. आबा त्याच्याकडं बघत होते.

"लावताना."

संभाजीरावही मग त्यांच्या शेजारी बसले. "मग तुमचा शब्दन् शब्द खरा होता की. खऱ्या घोंगडीवर बसला असतात तरी चाललं असतं."

"तुमी पोलीस खात्यातलं, तुमाला शब्द पुरत्यात," आबा म्हणाले. "मी मेंढरामागं वाढलो, जावईबापू. घोंगडीला शब्द कळत न्हाईत. तिला मनातलं कळतं."

"परत का नाही ठेवली?"

"दुसऱ्याच दिशी ठिवणार हुतो. हातात घेतली, बैठकीपातूर गेलो. आन मग ध्यानात आलं, हर बैठकीला तिच्यावर पयलं मीच बसायचं. प्रमुख मीच. माघारी आणली." त्यांनी डोळे मिटले. "आता एकेकाचं भांडण मिटवायचं, तू खरं बोल म्हणायचं, आन आपुन बसायचं सासऱ्याच्या घोंगडीवर. तुमी आज आलासा. मी पाच वर्षं वाट बघतोय की कोण तरी हिच्यावर चहा सांडंल."

संभाजीरावांच्या खिशात आता आरोपी होता, पुरावा होता, कबुली होती. त्यांना अजिबात बरं वाटत नव्हतं.

"मी जावई माणूस," ते उठत म्हणाले. "उद्या भाषण करणार, जेवणार आणि जाणार. मी कुणाला काही सांगणार नाही. पाथरवट मात्र संध्याकाळच्या गाडीनं जातोय."

७

उन्हं कलली तेव्हा अख्खी वाडी बैठकीत जमली होती. जावई निकाल सांगणार असं कुणीतरी उठवलं होतं. बायका दाराच्या एका अंगाला बसल्या होत्या, सोपान उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. जावई मात्र कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते.

झुंबर आबा आले ते खांद्यावर घोंगडी टाकून. ती त्यांनी मधोमध अंथरली. काळी, पातळ झालेली, एक कोपरा उंदरानं खाल्ल्यासारखा. तानूबाईनं तो कोपरा ओळखला आणि पदर तोंडाला लावला.

आबा तिच्यावर बसले. पण ते तिच्या कडेवर बसले, जसा माणूस परक्याच्या घरात बसतो तसे.

"मला झोप लागली हुती," ते म्हणाले. "चारीचं दार माझ्याच हातनं उघडं ऱ्हायलं. भिंत मी पाडली. सोपान दार लावत हुता. मी उलटं सांगितलं. आन ते सांगता यावं म्हणून घोंगडी बदलली."

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. वाडीला आबांचा राग यायला हवा होता, पण त्याच्या आधी प्रत्येकाला आठवलं की सोपान परका ठरला त्या दिवशी आपण मान डोलवली होती, आणि ती मान डोलवताना आपल्याला थोडं बरंही वाटलं होतं.

शेवटी मल्हार बोलला. "पर सोपान्या, तू का बसला न्हाईस? बसून एवढं सांगितलं असतंस, की मी दार लावत हुतो."

"पोरगा ताठ आहे," संभाजीराव हळूच म्हणाले. "आज्याच्या घोंगडीवर आरोपी म्हणून बसायचं नव्हतं त्याला."

"न्हाय, जावईबापू," बायकांतून आवाज आला.

ठमाबाई उभी राहिली. पदर पुढं ओढलेला, आबांकडं पाठ. आबा तिचे थोरले चुलत दीर, त्यांच्यासमोर ती उभ्या जन्मात बोलली नव्हती.

"मी बघितलं हुतं त्या राती. पाणी बैठकीकडं चाललेलं. थोरलं भावजी बांधावर आडवं झालेलं. मी खोकले. बांगड्या वाजवल्या. पाण्यात धोंडा टाकला. थोरल्या भावजींच्या अंगाला हात लावायचा न्हाय, नाव घिऊन हाक मारायची न्हाय. मंग त्यांना उठवू कसं? ते दार मला उचलंना. म्हणून पोराला उठवाय घराकडं पळाले. त्यो यीस्तवर भिंत बसली."

आबांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आन सोपानला मीच गप केलं," ती म्हणाली. "मालक गेल्यावर ह्या माणसानं आमच्या घरात दाणं आणून टाकलं. त्यांची अब्रू माझ्या पोराच्या तोंडानं जाऊ नये. त्यो म्हणला, आई, घोंगडीवर बसलो तर खरं सांगावंच लागंल. मी म्हणलं, मंग बसू नगंस."

संभाजीरावांचा अडकित्ता थांबला. तपास बरोबर होता, एक पायरी तेवढी चुकली होती, आणि नेमकी तीच मोठी होती. आबांनी घोंगडी बदलली, कारण तिच्यावर खोटं बोलवत नव्हतं. सोपान बसला नाही, कारण तिच्यावर गप्प बसवत नव्हतं. दोघंही जिला घाबरले ती त्या दिवशी तिथं नव्हतीच. तिथं होती लग्नातली एक कोरी घोंगडी, जिला कशाचंच काही पडलेलं नव्हतं.

"बायकांनी घोंगडीवर बसायचं नसतंय," ठमाबाई म्हणाली, "पर उभ्यानंबी खरंच बोलले." आणि खाली बसली.

पाथरवटानं दारातून डोकं आत घातलं. त्याला गाडीची घाई होती, आणि ती दडवायची त्याला गरज वाटत नव्हती. "काय ठरलं? नाव घालायचं म्हंता तर जागा न्हाय."

"माझ्या बापाचं काढ," आबा म्हणाले. "तितं घाल."

"त्यांच्या बापानं काय केलंय?" पदराआडून ठमाबाई म्हणाली. हे बोलणं आबांना होतं, पण तिनं ते तानूबाईकडं बघून केलं. "काढायचं न्हाय कुणाचं. 'श्री'च्या खाली बोटभर जागा हाय. मामंजी समद्यांच्या आधी आलं हुतं, त्यांना अडचणीत ऱ्हायची सवय हाय."

पाथरवट बाहेर गेला. थोड्या वेळानं छिन्नीचा आवाज सुरू झाला. म्हस्कूचं नाव बाकीच्यांपेक्षा बारीक आलं आणि जरा तिरकं आलं, पण वर आलं. ठमाबाई दारात जाऊन ते बघून आली. तिला वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ वाचत होती.

आत आबा अजून घोंगडीच्या कडेवर होते.

"मला काय ती शिक्षा सांगा," ते म्हणाले. "मी उठत न्हाय."

बैठकीनं एकमेकांकडं पाहिलं. खऱ्या घोंगडीपुढं कुणाला शिक्षा सांगायची तर आधी तिच्यावर बसावं लागणार होतं, आणि त्या संध्याकाळी मेंढतळात तेवढ्या तयारीचा एकही माणूस निघेना. मल्हारला खुर्च्यांचं काम आठवलं. कुणी छताकडं बघत होतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा उंबऱ्याकडं वळल्या.

सोपाननं चपला काढल्या. आत आला, माणसांतून वाट काढत घोंगडीपाशी गेला आणि आबांच्या काखेत हात घातले.

"आज रातची पाळी तुमचीच हाय न्हवं?"

"व्हय," आबा म्हणाले.

"मंग उठा. मी बी येतो संगं. एकट्याला झोप लागती."